पंधरा हजारांचा माउस आणि त्यातला चिमुकला स्विच

नमस्कार. माझ्या हातातला हा गेमिंग माउस नवा असताना पंधरा हजारांच्या घरात मिळत होता. आज त्याचे डावे बटण एकदा दाबले, तरी संगणकाला ते दोनदा दाबल्याचे कळते. फोल्डर नुसते निवडायचे असते, तर ते उघडते. फाइल ओढून दुसरीकडे न्यायला जावे, तर ती वाटेतच सुटते. सेन्सर, वायर आणि दिवे मात्र ठणठणीत आहेत. एवढी किंमत मोजून घेतलेल्या वस्तूचा टिकाऊपणा नेमका कशावर अवलंबून असतो, हे आज आपण पाहणार आहोत.

(उघडलेला माउस कॅमेऱ्याजवळ धरून)

डाव्या बटणाखाली नखाएवढा काळा डबा दिसतो आहे आणि त्यावर बारीकसा ठिपका आहे. हा मायक्रोस्विच. ओमरॉन कंपनीच्या डी२एफ मालिकेतले किंवा त्याच धर्तीवर बनवलेले स्विच गेली कित्येक वर्षे स्वस्त आणि महाग, दोन्ही प्रकारच्या माउसमध्ये वापरले जात आहेत. त्याच्या आत धातूची पातळ, वाकवलेली पट्टी असते. बटण दाबले की ती टचकन दुसऱ्या बाजूला जाते आणि संपर्क जुळतो. मात्र धातू धातूवर आपटल्यावर पट्टी लगेच स्थिरावत नाही. काही क्षण ती थरथरते आणि तेवढ्यात संपर्क अनेकदा जुळतो नि तुटतो. ही थरथर म्हणजे वेगळा क्लिक नव्हे, हे ठरवण्यासाठी माउसमधला प्रोग्रॅम काही मिलिसेकंद थांबतो. या थांबण्याला डिबाउन्स म्हणतात.

महागड्या माउसची गोम इथेच आहे. गेमिंग माउस विकला जातो तो वेगाच्या नावावर, त्यामुळे हा थांबण्याचा अवधी शक्य तितका कमी ठेवण्याकडे कंपन्यांचा कल असतो. पट्टी जुनी होऊन थरथर लांबली की ती या छोट्या अवधीत मावत नाही आणि दुसरा क्लिक नोंदवला जातो. ऑफिसातल्या साध्या माउसमध्ये हा अवधी सैल असेल, तर तितकाच झिजलेला स्विच बराच काळ बिनबोभाट चालत राहतो. म्हणजे ज्या गुणासाठी आपण जास्त पैसे मोजतो, तोच गुण दोष लवकर उघडा पाडतो.

यात विजेचाही भाग आहे. संपर्काच्या टोकांवर ऑक्साइडचा सूक्ष्म थर जमत असतो आणि पुरेसा प्रवाह वाहिला तर तो आपोआप निघून जातो. डी२एफ मालिकेतल्या अगदी कमी प्रवाहासाठी बनवलेल्या प्रकारालाही ५ व्होल्टला किमान १ मिलिअँपिअर अपेक्षित असतो. बॅटरी वाचवण्यासाठी वायरलेस माउस याहून कमी व्होल्टवर आणि अगदी तुटपुंज्या प्रवाहावर चालवले जातात; मग थर साफ होत नाही. मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेने त्यात भरच पडते. या हवेत माउसच्या बाजूंवरचा मऊ रबरी लेपही काही वर्षांत चिकट होतो. तो मळ नसून लेपाचेच विघटन असते, त्यामुळे तो कितीही पुसला तरी पूर्ववत होत नाही.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे वळू. ‘२ कोटी क्लिक’ असे लिहिलेले असते. दिवसाला १०,००० क्लिक धरले, तर हिशेबाने २,००० दिवस, म्हणजे साधारण साडेपाच वर्षे होतात. पण ही चाचणी यंत्राने, ठरावीक जोराने आणि ठरावीक गतीने केलेली असते. पट्टी मोडत नाही, एवढे त्यातून कळते. दोनदा क्लिक होणार नाही, याची ग्वाही त्या आकड्यात नाही. म्हणून ५ कोटींचा स्विच २ कोटींच्या अडीचपट टिकेल, असे मानून जास्त पैसे देऊ नयेत.

यावरचा खरा उपाय म्हणजे संपर्कच काढून टाकणे. रेझरने २०१९च्या व्हायपर माउसमध्ये प्रकाशाची तिरीप अडवून किंवा सोडून क्लिक ओळखणारे ऑप्टिकल स्विच वापरले. लॉजिटेकच्या २०२२च्या जी५०२ एक्समध्ये प्रकाश आणि यांत्रिक पट्टी यांचा मेळ आहे. असे स्विच आता मधल्या किमतीतही मिळतात आणि माउस घेताना मी तेच आधी पाहीन. सेन्सरचे म्हणाल, तर मधल्या किमतीतला आजचा सेन्सरही बहुतेकांच्या हाताच्या कुवतीपलीकडचा असतो, त्याची चिंता नको. स्क्रोलचे चाक मात्र ऑप्टिकल स्विच असलेल्या माउसमध्येही झिजू शकते, हे लक्षात असू द्या.

कीबोर्डची गोष्ट बरीच निराळी आहे. चेरी एमएक्स हा यांत्रिक स्विच १९८३ साली आला. त्यातले संपर्क सोन्याचे असतात आणि सोने गंजत नाही, म्हणून माउसला छळणारा तो थर इथे फारसा आड येत नाही. शिवाय हिशेब प्रत्येक कळीचा वेगळा असतो: स्पेसबार दिवसाला १०,००० वेळा दाबला, तरी ५ कोटींचा टप्पा गाठायला साडेतेरा वर्षांहून अधिक काळ लागेल. आयबीएमचे १९८५चे मॉडेल एम कीबोर्ड आजही काही टेबलांवर रोज वापरात आहेत. चेरीच्या मूळ पेटंटची मुदत संपल्यावर गेटरॉन, काइल, आउटेमू अशा कंपन्यांचे स्विच आले आणि चांगला यांत्रिक कीबोर्ड तीन-चार हजारांत मिळू लागला.

म्हणून कीबोर्डवर थोडे जास्त खर्च करायला माझी हरकत नाही, पण ते कशासाठी हे पाहून. हॉटस्वॅप सॉकेट असेल, तर बिघडलेला स्विच चिमट्याने उपसून नवा बसवता येतो. सोल्डरिंगचा डाग द्यावा लागत नाही. कळ्यांच्या टोप्या पीबीटी प्लास्टिकच्या असाव्यात, कारण एबीएसच्या टोप्या बोटांच्या घर्षणाने तुकतुकीत होतात आणि काही महागड्या कीबोर्डांवरही त्या सर्रास असतात. चुंबकीय स्विचांत संपर्क नसतोच. ही कल्पना १९६०च्या दशकाच्या अखेरीची आहे, पण आज त्यासाठी जादा पैसे द्यावे लागतात ते मुख्यतः स्पर्धात्मक खेळातल्या वेगासाठी. तुमचे बहुतेक काम टायपिंगचे असेल, तर तो खर्च टाळा.

घेण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी तपासा. बटणांची मांडणी माउसच्या स्वतःच्या मेमरीत साठते, की प्रत्येक वेळी कंपनीचे सॉफ्टवेअर चालू ठेवावे लागते? दुसऱ्या प्रकारात कंपनीने ते सॉफ्टवेअर बंद केले, तर धडधाकट माउसची निम्मी बटणे निरुपयोगी ठरतात. आणि वॉरंटी भारतातली आहे ना? परदेशातून परस्पर आणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या मालावर ती बहुधा लागू होत नाही. बिल जपून ठेवा आणि दोनदा क्लिक होऊ लागताच, मुदत उरलेली असतानाच तक्रार नोंदवा. मुदत संपली असेल, तर मोबाइल दुरुस्ती करणारा कुशल कारागीर जुना स्विच काढून नवा डागून देऊ शकतो. नव्या स्विचची किंमत माउसच्या किमतीपुढे अगदीच नगण्य असते. माझ्या या माउसचे तेच करणार आहे.