विकण्याआधी घराला हात लावायचा का?

मंडळी, घर विकायला काढलं की पहिला फोन कंत्राटदाराला जातो. तो थोडा थांबवा. आधी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन दोन कागद बघा: स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल आणि शेवटच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त. इमारत पुनर्विकासाला निघाली असेल, ठाण्याच्या नौपाड्यात आणि वाशीच्या जुन्या सेक्टरांत हे काही नवीन नाही, तर तुमच्या फरशीला कोण विचारतो? घेणारा नव्या इमारतीत किती कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ, मिळेल ते मोजतो. तिथे घर झाडून घ्या, बल्ब लावा, पुरे.

इमारत टिकणारी असेल तर गिऱ्हाईक बहुधा कर्ज काढून येणार. बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, कार्पेट, मजला आणि इमारतीचं वय बघतो. किचनमधल्या ट्रॉल्या कुठल्या कंपनीच्या, याने त्याचा आकडा फारसा हलत नाही. उलट बाल्कनी आत घेतलेली दिसली की तो मंजूर नकाशा उघडतो. मॉड्युलर किचन विकण्यासाठी करू नका; नवी मालकीण ते बहुतेक वेळा काढूनच टाकते.

पैसा घालायचा तो ओलीवर. बाथरूममधल्या पाणी जायच्या भोकाला बूच मारा, उंबऱ्याच्या आत दीड इंच पाणी तुंबवा आणि 48 तास खालच्यांचं छत बघा. डाग उमटला तर दोष न्हाणी ट्रॅपच्या (त्या भोकाखालच्या भांड्याच्या) सांध्यात किंवा फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये. डाग नाही, तरी एरवी ठिबकतं? मग भिंतीतली पाण्याची पाइप तपासा: कॉक रात्रभर बंद ठेवून ठिबक थांबते का ते बघा. नुसत्या टाइलमधल्या फटा उघडल्या असतील तर त्यांतला जुना भराव (ग्राउट) खरवडून इपॉक्सीचा पक्का भराव घातला की भागतं. सांधा गेला असेल तर फरशी फोडावीच लागते. काहीजण टाइलवर टाइल चिकटवून मोकळे होतात. गळती तशीच राहते, वर पातळी अर्धा-पाऊण इंच चढून उंबरा बुटका होतो आणि पाणी पॅसेजमध्ये येतं.

खर्च कुणाचा? सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायटी चालवायच्या नमुना नियमांप्रमाणे) संडास, सिंक यांची आतली गळती सभासदाची. गच्ची, पावसाचं पाणी आणि सामायिक पाइप सोसायटीचे. पश्चिमेची भिंत पावसात ओलावत असेल तर लेखी पत्र द्या, पोच घ्या. बाहेरची भेग तशीच ठेवून आतून पुट्टी मारली की पहिल्याच पावसात पोपडे. गिऱ्हाईक भिंतीवर तळहात ठेवतं, हे विसरू नका.

भिंत सुकली की रंग, तोही शक्यतो नोव्हेंबरनंतर. 550 चौरस फूट कार्पेटला भिंती आणि छत मिळून साधारण तिप्पट, म्हणजे 1,650 चौरस फूट. लिटरभर इमल्शनमध्ये दोन हात सुमारे 60 चौरस फूट, तेव्हा 27-28 लिटर. पांढऱ्याच्या जवळचा एकच रंग घ्या. उरलेल्या पैशांत तडकलेली बटणं बदला, मुख्य बोर्डाला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक लागताच वीज तोडणारा स्विच, बसवा.

आणि बिलं जपा. रंग-डागडुजीचा खर्च भांडवली नफ्यातून (घर विकून झालेल्या, कर लागणाऱ्या नफ्यातून) सहसा वजा होत नाही, पण घरात कायमची भर घालणाऱ्या कामाचा होऊ शकतो. फक्त पैसे बँकेतून दिलेले हवेत, कंत्राटदाराच्या हातावर रोख ठेवलेले नकोत.