ग्राहकाच्या फोनमध्ये जागा मागताना

उपस्थित उद्योजक आणि मित्रहो,

9 जानेवारी 2007 रोजी पहिला आयफोन जगासमोर आला, तेव्हा बाहेरच्या कुणालाही त्यात आपले अ‍ॅप घालण्याची सोय नव्हती. ज्यांना काही करायचे असेल त्यांनी ब्राउझरमध्ये चालेल असे काही तयार करावे, एवढीच मुभा होती. 10 जुलै 2008 रोजी सुमारे 500 अ‍ॅप्सनिशी अ‍ॅप स्टोअर उघडले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला. व्यवसायांच्या दृष्टीने मला यातली दुसरी तारीख अधिक मोलाची वाटते, कारण जगभरातल्या फोनधारकांपर्यंत पोचण्याचा आणि त्यांच्याकडून पैसे घेण्याचा तयार मार्ग त्या दिवसापासून दोन-तीन जणांच्या चमूलाही मिळाला.

पुढची वाढ आपण सर्वांनी पाहिली आहे. 2013 साली जगात साध्या मोबाइलपेक्षा स्मार्टफोनची विक्री जास्त झाली, आणि ऑक्टोबर 2016 मध्ये स्टॅटकाउंटरच्या मोजणीत मोबाइल व टॅबलेटवरचा इंटरनेट वापर प्रथमच संगणकाच्या पुढे गेला. सल्ला मागायला येणारे उद्योजक असेच आकडे घेऊन येतात आणि ‘इतके फोन आहेत, म्हणजे इतके ग्राहक आहेत’ असा हिशेब मांडतात. या हिशेबात एक गोष्ट राहून जाते. फोनची संख्या कितीही वाढली, तरी एका माणसाच्या हातात पडदा एकच असतो आणि तो रोज मोजक्याच अ‍ॅप्सकडे वळतो. म्हणून ‘आमचेही एक अ‍ॅप हवे’ असे कुणी म्हणाले की मी विचारतो, तुमच्या ग्राहकाला असे कोणते काम वारंवार पडते, जे हातातला फोन इतर कशाहीपेक्षा सोपे करील?

हा प्रश्न मला एका चाचणीत शिकायला मिळाला. एका सेवा-व्यवसायाचे नवे अ‍ॅप ग्राहक कसे वापरतात, हे आम्ही त्यांच्या शेजारी उभे राहून पाहत होतो. एका बाईंच्या खांद्यावर पिशवी होती, फोन डाव्या हातात होता आणि सारा कारभार एका अंगठ्यावर चालला होता. डाउनलोड सुरू करताच ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश आला. त्यांनी फोटो उघडले, दोन व्हिडिओ पुसले आणि पुन्हा प्रयत्न केला. अ‍ॅप उघडले, तर पहिल्याच पडद्यावर नाव, जन्मतारीख आणि पत्ता विचारला होता आणि दुसऱ्यावर फोनमधले सगळे संपर्क वाचण्याची परवानगी मागितली होती. बाई क्षणभर थांबल्या आणि त्यांनी फोन पिशवीत ठेवून दिला. त्यांना फक्त उद्याची वेळ बदलायची होती. आपल्या माणसाचे व्हिडिओ पुसून त्यांनी आम्हाला जागा दिली होती आणि आम्ही मात्र त्यांच्यापुढे अर्ज ठेवला होता. त्याची रुखरुख मला आजही वाटते.

कितीतरी लोकांच्या आयुष्यातला पहिला संगणक हा स्मार्टफोनच असतो, आणि तो बहुधा कमी क्षमतेचा असतो. 1 जीबी किंवा त्याहून कमी रॅम असलेल्या फोनसाठी गूगलने 2017 मध्ये अँड्रॉइडची हलकी आवृत्ती जाहीर केली, ती याच लोकांसाठी. ज्याचे अ‍ॅप कमी जागा घेते, मंद नेटवर्कवर अडत नाही आणि खाते उघडण्याआधीच काही उपयोगी पडते, त्याला हा मोठा वर्ग मिळू शकतो. वर्षातून एकदा येणाऱ्या ग्राहकासाठी मात्र अ‍ॅपचा हट्ट धरू नका. फोनवर नीट उघडणारी वेबसाइट त्याला पुरेशी आहे.

पैशांचे थोडक्यात सांगतो. प्रत्यक्ष वस्तू किंवा सेवा विकणाऱ्याला अ‍ॅप स्टोअरला विक्रीतला वाटा द्यावा लागत नाही. अ‍ॅपमधूनच डिजिटल वस्तू विकली तर हा वाटा वर्षानुवर्षे 30 टक्के होता, आणि 2021 पासून वार्षिक 10 लाख डॉलरपर्यंत मिळकत असणाऱ्या लहान व्यावसायिकांसाठी अ‍ॅपल व गूगल या दोघांनीही तो 15 टक्क्यांवर आणला. देशोदेशीच्या न्यायालयांमुळे आणि कायद्यांमुळे हे नियम बदलत आहेत, तेव्हा किंमत ठरवण्यापूर्वी चालू अटी स्वतः वाचा. आणि अ‍ॅप एकदा बनवून संपत नाही. फोनच्या प्रणालीची नवी आवृत्ती दरवर्षी येते, त्यामुळे देखभालीचा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा लागतो.

नोटिफिकेशनबद्दल मला कळकळीने बोलायचे आहे. ग्राहकाला हाक मारण्याचे एवढे जवळचे साधन व्यापाराला याआधी कधी मिळाले नव्हते, आणि आपण ते सवलतींच्या जाहिरातींवर उधळले. अखेर 2022 मध्ये अँड्रॉइड 13 पासून तिथेही अ‍ॅपला सूचना पाठवण्याआधी परवानगी मागणे भाग पडले. ‘तुमचे काम झाले आहे, या’ एवढे सांगणारी सूचना कुणी बंद करत नाही.

जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, ती संधी ग्राहकाच्या फोनमध्ये नसून आपल्याच कर्मचाऱ्यांच्या फोनमध्ये असते. लिफ्टची दुरुस्ती करणाऱ्या एका तंत्रज्ञाबरोबर मी दिवसभर फिरलो आहे. पूर्वी तो कागदावर नोंदी करी आणि संध्याकाळी कार्यालयात कुणीतरी त्या पुन्हा टाइप करी, त्यात भागाचा क्रमांक हमखास चुके. अ‍ॅप आल्यावर तो कॅमेऱ्याने क्रमांक टिपू लागला आणि झिजलेल्या भागाचा फोटो त्याच नोंदीला जोडू लागला. तळघरात नेटवर्क नसते, म्हणून नोंद आधी फोनमध्येच साठते आणि तो वर उजेडात आला की आपोआप सर्व्हरवर जाते. हे अ‍ॅप कुठल्याही स्टोअरच्या यादीत झळकणार नाही, पण टायपिंगचे काम त्याने पहिल्याच महिन्यात संपवले.

त्या तंत्रज्ञाची तक्रार एकच होती. हातमोजा घालून पडद्याला स्पर्श केला तर फोनला तो कळत नाही, त्यामुळे चार पडद्यांचा फॉर्म भरताना तेलकट हातमोजा चार वेळा काढावा-घालावा लागे. पुढच्या अपडेटमध्ये तो फॉर्म एका पडद्यावर आला आणि उरलेली माहिती बोलून नोंदवण्याची सोय झाली.