शिकवायला बसला, त्याचा हप्ता कोण देणार?

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. आधी जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, मग सुपरवायझर. 'कामाच्या जागी शिक्षण' यावर बोला असं आकाशवाणीनं सांगितलं, तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती गाठ.

ताण्याचा, म्हणजे उभा, दोरा तुटला की माग थांबवायचा, दोरा जोडायचा, पुन्हा सुरू करायचा. नवं पोरगं दोन्ही हातांनी झटापट करतं. गाठ जाड होते, फणीत अडकते, दोरा परत तुटतो. जुना विणकर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत अशी बारीक गाठ मारतो की ती फणीतनं सुळकन निघून जाते. कशी मारली, विचाराल तर म्हणेल, "बघ की." परत मारून दाखवेल, तेवढ्याच वेगात! पोरगं बिचारं बघतच राहतं.

जुनी माणसं हातचं राखून ठेवतात, असं मीही बरीच वर्षं म्हणत होतो. एकदा हप्त्याचा, म्हणजे आठवड्याच्या मजुरीचा, हिशेब करताना डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं मजुरी नगावर. पोराला शिकवण्यात अर्धा तास गेला की शिकवणाऱ्याचे माग तेवढा वेळ बंद. चादरी कमी उतरणार, हप्ता कमी येणार. म्हणजे शिकणाऱ्याची फी शिकवणाऱ्याच्याच खिशातून!

कायदा आहे, नाही असं नाही. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा. 30 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. पण आपल्या सोलापुरात आठ-दहा माग टाकून बसलेले कारखानदार किती आहेत, ते पूर्वभागात एक चक्कर मारली तरी कळेल. तिथं 30 चा आकडा कुठून भरायचा?

आमच्याकडं इलेक्ट्रॉनिक जकार्ड, म्हणजे मागावर नक्षी काढणारं यंत्र, आलं तेव्हाची गोष्ट सांगतो. कंपनीचा इंजिनिअर दोन दिवस पडद्यावर चित्रं दाखवत हिंदी-इंग्रजीत बोलला. समोर बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक घरात तेलुगू बोलणारे. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा प्यायला, सह्या केल्या. आठवड्याच्या आत मोराच्या डिझाइनची चादर उतरली, त्यात मोराला मान नाही. इंजिनिअरला बोलवायचं तर दिवस मोडणार.

ते कोडं सोडवलं आमच्याच एका विणकराच्या भाच्यानं. मामाला मागापाशी उभं करून तो तेलुगूत समजावू लागला. जुन्या जकार्डला पुठ्ठ्याची कार्डं असायची. भोक असेल तिथला दोरा वर उचलायचा, नसेल तिथला खालीच राहायचा. "मामा, भोकं तीच आहेत, फक्त पुठ्ठ्यावरनं पेन ड्राइव्हमध्ये गेलीत." मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हंजे मानेच्या भोकांत घोळ आहे." फाइल उघडून बघितली, तर मानेच्या ओळीच गाळलेल्या! चाळीस वर्षं पुठ्ठे ओवलेल्या माणसाला बिघाड कळायला पाच मिनिटं लागली. दोन दिवसांच्या त्या कार्यक्रमात मात्र त्याला एक प्रश्नही कुणी विचारला नव्हता.

त्यानंतर मालकाशी मी भांडलोच, म्हणा. आठवड्यात दोन तास शिकवण्याचे, आणि त्या दोन तासांचे पैसे शिकवणाऱ्याच्या सरासरी कमाईप्रमाणे द्यायचे. मालक म्हणाले, "माग बंद ठेवून पैसे द्यायचे?" मी मान नसलेला मोर टेबलावर पसरला. असे किती नग सेकंडमध्ये, म्हणजे खराब मालात, काढावे लागले, ते त्यांनाच मोजायला लावलं.

महिनाभर चालवून बघू, म्हणाले. हप्त्याच्या वहीत एक नवा रकाना आखला. पहिल्या शनिवारी मामा पैसे घ्यायला आले, आकडा बघून वही माझ्याकडं फिरवली आणि म्हणाले, "साहेब, दोन तास जास्त लागलेत. त्या वेळेत मी चादर विणली नव्हती."