प्रत्यय कुणाला लागतो: मालकाला की वस्तूला?

(पडद्यावर मोठ्या अक्षरांत: अलीचं घर)

हे दोन शब्द नीट पाहा. मालक अली, वस्तू घर. मराठीत प्रत्यय लागलाय तो मालकाला. घर जसंच्या तसं उभं आहे. तरीही प्रत्ययाचं रूप ठरवतं ते घरच: अलीचा वाडा, अलीची गाडी, अलीचं घर. पुढे 'घरात' म्हटलं की हाच प्रत्यय 'च्या' होतो, अलीच्या घरात. कोकणीतही हाच प्रकार, फक्त रूपं चो, ची, चें.

जगातल्या बऱ्याच भाषा याच्या उलट वागतात. तिथे मालकीचा प्रत्यय वस्तूला लागतो. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जोहाना निकोल्स यांनी १९८६ साली नेमका हाच भेद धरून भाषांची वर्गवारी मांडली: संबंध दाखवणारा प्रत्यय मुख्य शब्दावर (इथे वस्तूवर) बसतो की त्याच्यावर अवलंबून असलेल्या शब्दावर (इथे मालकावर). आणि काही भाषा दोन्हीकडे प्रत्यय लावतात. त्यांतली एक तुर्की.

(पडद्यावर: एव)

तुर्कीत एव म्हणजे घर. एविम माझं घर, एविन तुझं घर, एवि त्याचं किंवा तिचं घर. एविमिझ आमचं किंवा आपलं, एविनिझ तुमचं. 'माझं' हा शब्द वेगळा उच्चारायची गरजच नाही, मालक शेपटातच आहे.

प्रत्ययातला स्वर शब्दाच्या शेवटच्या स्वराशी जुळवून घेतो. एल म्हणजे हात, म्हणून एलिम. कोल म्हणजे बाहू, तिथे होतं कोलुम. शब्दाच्या शेवटी आधीच स्वर असेल तर 'माझ्या'साठी नुसता म पुरतो: आन्ने म्हणजे आई, आन्नेम माझी आई. 'त्याची आई' म्हणताना मात्र दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मध्ये स येतो, आन्नेसि.

कधी मूळ शब्दही हलतो. बुरुन म्हणजे नाक, पण माझं नाक बुर्नुम. मधला उ गळला. किताप म्हणजे पुस्तक. अरबीतून आलेला हा शब्द आपल्यालाही किताब म्हणून ठाऊक आहे. तुर्कीत शब्दाच्या शेवटी ब सहसा टिकत नाही, त्याचा प होतो. पुढे स्वर आला की ब परततो, म्हणून किताबम. हे पाहून प्रत्येक प चा ब करायचा नाही. तोप म्हणजे चेंडू, आणि माझा चेंडू तोपुमच. एकच स्वर असलेले छोटे शब्द बहुधा बदलत नाहीत.

(पडद्यावर एकेक तुकडा सुटा होतो: आलि-निन, एव-इ)

आता अलीचं घर. आलिनिन एवि. आलिला निन लागला, हा आपल्या 'चं'सारखा. पण घरालाही इ लागला, म्हणजे 'त्याचं'. शब्दशः, अलीचं त्याचं-घर. मराठी माणूस हमखास चुकतो तो इथे. निन म्हटलं की आपल्या कानाला वाक्य पुरं वाटतं आणि 'आलिनिन एव' एवढ्यावर आपण थांबतो. शेवटचा इ राहिला की तुर्की कानाला ते अर्धवट लागतं.

साखळी लांबवली की या व्यवस्थेचा खरा डौल दिसतो. अलीच्या आईचं घर: आलिनिन आन्नेसिनिन एवि. मधल्या शब्दाकडे बघा. आन्ने, आई. सि, त्याची. निन, तिचं. आई अलीची आहे आणि घराची मालकीणही आहे, म्हणून तिच्या अंगावर दोन्ही खुणा, एकीला एक लागून.

हाच इ जोडशब्दही बांधतो. ओतोब्यूस बिलेति म्हणजे बसचं तिकीट. 'माझं बसचं तिकीट' म्हणताना तो इ काढून इम लावायचा, ओतोब्यूस बिलेतिम. दोन मालकीप्रत्यय एकावर एक चढत नाहीत. त्यामुळे संदिग्धताही येते. एवलेरि म्हणजे त्याची घरं, त्यांचं घर, त्यांची घरं, आणि कर्म म्हणून वापरलं तर नुसतं 'ती घरं'. अर्थ ठरतो आजूबाजूच्या शब्दांवरून.

(पडद्यावर तीन ओळी: एव-इम-दे / हाझ-ऑम-बॉन / तालो-स्सा-नि)

तिन्हींचा अर्थ 'माझ्या घरात'. पहिली तुर्की, दुसरी हंगेरियन, तिसरी फिनिश. हंगेरियन आणि फिनिश एकाच कुळातल्या, तुर्की वेगळ्या कुळातली. तरी तुर्की आणि हंगेरियनमध्ये आधी 'माझं', मग 'आत'. फिनिशमध्ये आधी 'आत', मग 'माझं'. भाषांचं नातं प्रत्ययांच्या क्रमावरून ठरवायला निघालात तर इथेच फसाल.

हंगेरियनमध्ये आणखी एक सुबक प्रत्यय आहे, तो मात्र मालकाला लागतो. पेतेरे म्हणजे 'पेतेरचं', वस्तूचं नाव न घेता. 'हे कुणाचं?' याचं एका शब्दात उत्तर.

फिनिशमध्ये तालोनि म्हणजे माझं घर, माझ्या घराचं आणि माझी घरंसुद्धा, कारण 'नि' लागला की त्याच्या आधीचे षष्ठीचा न आणि अनेकवचनाचा त दोन्ही गळतात. रोजच्या बोलण्यात हा प्रत्ययच बऱ्याचदा सोडून देतात आणि सरळ मुन तालो म्हणतात. तिसऱ्या पुरुषात मात्र एक भेद मराठी माणसाला चटकन कळतो. 'लीसा ओत्ति किर्यान्सा', लीसाने आपलं पुस्तक घेतलं. मध्ये हॅनेन, म्हणजे 'त्याचं' किंवा 'तिचं', घातलं की ते पुस्तक दुसऱ्या कुणाचं तरी होतं. आपला आणि तिचा, हाच फरक.

(पडद्यावर: फिजीचा नकाशा)

पॅसिफिक महासागरातल्या फिजियन भाषेत प्रत्यय थेट नामाला लागतो तो शरीराच्या अवयवांना आणि नात्यांना. तामा म्हणजे वडील, तामांगु माझे वडील. घर असं अंगाला चिकटलेलं नाही, म्हणून तिथे आधाराला वेगळा शब्द लागतो आणि प्रत्यय त्याला जोडतात: नोंगु वाले, माझं घर. खाण्याच्या वस्तूला हा आधार वेगळा, पिण्याच्या वस्तूला आणखी वेगळा. नियू म्हणजे नारळ. खोबरं खायचं असेल तर केंगु नियू, पाणी प्यायचं असेल तर मेंगु नियू.