पश्चिमेची भिंत

(दृश्य: भर पावसातलं कौलारू घर. पागोळ्यांची रांग. ओटीवर निथळणाऱ्या छत्र्या.)

वेंगुर्ल्याच्या आसपास अशी घरं अजून उभी आहेत. जांभ्याच्या दीड फुटी भिंती, वर मंगळुरी कौलं, पुढे पडवी. हे आमचं घर. भिंती पणजोबांनी चुन्यात बांधून घेतलेल्या. बाहेरचा सिमेंटचा गिलावा मात्र अलीकडचा, तीसेक वर्षांपूर्वीचा. तो लक्षात ठेवा.

माझा चुलतभाऊ मुंबईला असतो. मागच्या मे महिन्यात आला आणि पश्चिमेच्या खोलीत एसी लावायचाच म्हणाला. एसी म्हटल्यावर भिंतींना आतून अस्तर हवं, हेही त्याने मोबाईलवर बघून ठेवलेलं. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यात दोन इंची थर्माकोल, वर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर प्लायवूड. आठवड्यात खोली शहरातल्या फ्लॅटसारखी दिसू लागली.

आणि खोटं कशाला बोला, मे महिन्यात ती गारही होत होती. इंचभर थर्माकोल जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला जांभा साधारण दीड फूट लागतो. हिशेबात चूक नव्हती.

गणपतीत पाहुण्यांच्या गाद्या त्या खोलीत घातल्या, तेव्हा वास आला. ओल्या गोणपाटासारखा.

(दृश्य: प्लायवूडच्या फटीत शिरणारी पटाशी. जवळून.)

मेस्त्रींना फार जोर लावावा लागला नाही. प्लायवूडचे पापुद्रे भिजल्या पापडासारखे हातात आले. प्लास्टिकच्या मागच्या अंगाला थेंब लोंबत होते. थर्माकोलमधून वाळवीच्या मातकट नळ्या वर चढलेल्या. खालच्या पट्टीत नख रुतवलं तर आत गेलं. आणि चिऱ्यांच्या सांध्यांवर पांढरी, कापसासारखी फुलं. काकीने बोटावर घेऊन जिभेला लावली. खारट. हाच तो लोणा. भिंतीतलं पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं.

मेस्त्री एवढंच म्हणाले, "काकीनू, भिंतीक वारो लागूक व्हयो."

भावाने बघितलेला उपाय थंड देशातला होता. तिथे घरात शेगडी पेटलेली आणि बाहेर बर्फ. घरातली उबदार, दमट हवा थंड भिंतीपर्यंत पोचली तर तिथे पाणी सुटतं, म्हणून प्लास्टिक आतल्या, उबदार बाजूला लावतात. आपल्याकडे सगळं उलटं. ऊब आणि दमटपणा बाहेर, गारवा आत. पावसाळ्यात बाहेर 30 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असेल, तर 27 अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. फ्रिजमधली बाटली बाहेर काढून बघा. एसी 24 वर होता, म्हणजे अस्तराची मागची बाजू ही आमची बाटली.

आणि पाणी काही नुसतं हवेतलं नव्हतं. या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. झड येते पश्चिमेकडूनच. सिमेंटच्या गिलाव्याला केसाएवढ्या चिरा पडतात, पाणी त्यातून आत शिरतं आणि परतायला त्याला वाट नसते. पूर्वी चुन्यातून ते हळूहळू उडून जायचं. बाहेरची वाट तीस वर्षांपूर्वी बुजली होती, आतली आम्ही बुजवली.

जांभ्याला 'लॅटराइट' हे इंग्रजी नाव दिलं ते फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश सर्वेक्षकाने, 1807 मध्ये. मलबारात लोक हा दगड जमिनीतून विटांसारखा कापून काढतात, हे त्याने पाहिलं आणि विटेच्या लॅटिन शब्दावरून नाव ठेवलं. कापताना मऊ, हवा लागली की कडक. मेस्त्रींनी बुकॅनन वाचला असण्याची शक्यता कमी आहे.

(दृश्य: बाहेरच्या भिंतीवर छिन्नी-हातोडा. खाली सिमेंटच्या खपल्यांचा ढीग.)

दिवाळीनंतर सगळा सिमेंटचा गिलावा उतरवला. भिंत आतबाहेर उघडी ठेवली. माघात बाहेरून चुना आणि वाळूचे दोन हात दिले. चुन्याला घाई चालत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगड होतो, तोवर गोणपाट भिजवून त्याला सावली करायची. हे काम काकीने केलं, रोज दोनदा, कुरकुरत.

उन्हाचं म्हणाल तर या घराला ताप भिंतींपेक्षा कौलांचा जास्त. म्हणून थर्माकोलचे पैसे आधी कौलांखाली फळ्यांची तक्तपोशी करण्यात घालायला हवे होते, मध्ये वारा खेळायला जागा सोडून. ती आता केली आहे. पावसाळ्याआधी पश्चिमेला माडाच्या झावळ्यांचे झापही बांधणार. आजी बांधायची. आम्हाला ते गावंढळ वाटायचं.

(दृश्य: आतल्या भिंतीवर चिकटपट्टीने चारी बाजू बंद केलेला प्लास्टिकचा चौकोन.)

चैत्रात काकीने तांदळाची पिशवी कापून फूटभर चौकोन भिंतीला चिकटवला. चोवीस तास तसाच ठेवायचा. बाहेरच्या अंगाला दव आलं तर ओल खोलीतल्या हवेची. भिंतीकडच्या अंगाला आलं तर ओल भिंतीची.

दुसऱ्या दिवशी तिने चष्मा लावला आणि एक कोपरा सोलला. भिंतीकडच्या बाजूला, अगदी खाली, बोटभर धुकं होतं.

मुंबईहून फोन आला, एसी लावायचा का म्हणून. काकी म्हणाली, "खोक्यातच रवांदे." आणि पिशवीचा दुसरा तुकडा कापायला बसली.