पाळीव का मोकाट? कुत्रं चावल्यावरची भरपाई या उत्तरात अडकते

राम राम मंडळी. महिनाभरात एकच मेसेज मला पंचवीसेक जणांनी पाठवलाय. "कुत्रं चावलं तर एका दाताला दहा हजार, सरकारचा नवीन कायदा." एका पाव्हण्यानं तर पोटरीवरच्या खुणा मोजून फोटोच टाकला. सहा दात. म्हणजे साठ हजार कोणत्या खिडकीवर मिळतील, वकीलसाहेब?

खिडकी नाही हो. तो कायदा नाही, निकाल आहे. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं २०२३ साली दिलेला. दाताच्या प्रत्येक खुणेला किमान १०,००० रुपये, आणि मांस निघालं असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरला किमान २०,०००. पण तो दर पंजाब, हरियाणा आणि चंदीगडसाठी ठरवलेला. आपल्या कोर्टात तो निकाल वकील दाखवू शकतो, पण आपल्या न्यायाधीशांवर तो बंधनकारक नाही. जिंतूरच्या पोटरीला चंदीगडचा भाव आपोआप लागत नाही.

मग आपल्याकडं सगळं कशावर अडतं? ह्याच्यावर. (कागद कॅमेऱ्यासमोर धरतो.) सरकारी दवाखान्यातला केसपेपर. अशिलाचं नाव झाकलंय. दूधवाला माणूस. पहाटे गाडीला दोन कॅन लावून रतीब घालायला निघाला होता. एका घराचं फाटक उघडं होतं, आतलं कुत्रं रस्त्यावर आलं आणि पोटरीच धरली. दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "पाळीव का मोकाट?" हा कळवळत होता. म्हणाला, "काय की, कुत्रं होतं." इथं बघा काय लिहिलंय: मोकाट. पुढं मालक म्हणाला, "आमचं नव्हंच ते. गावचं कुत्रं हाय, भाकरीपुरतं दारात येतंय."

आता काय करता? कुत्र्याचा सातबारा थोडाच निघतो! नशीब, मालकाच्या पोरानं पोळ्याला त्याच कुत्र्याच्या गळ्यात नवा पट्टा घालून फोटो स्टेटसला ठेवला होता आणि शेजाऱ्यानं तो सेव्ह केला होता. असा फोटो मिळाला तर तो ज्या मोबाइलमध्ये आहे तो जपा. कोर्टात नुसती प्रिंट चालत नाही, सोबत तो फोटो कुठल्या मोबाइलमधून घेतला हे सांगणारं सर्टिफिकेट लागतं.

बरं, पैशाच्या आधी जीव. नळाखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तंबाखू, मिरचीपूड काही भरू नका. लगेच दवाखाना गाठा. लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे. जखम खोल असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, ते विचारून घ्या. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जवळपास कुणीच वाचत नाही, म्हणून "घरचंच कुत्रं हाय" म्हणत बसू नका. आणि रागाच्या भरात कुत्र्याला मारू तर अजिबातच नका. जितं असलं तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवता येते, डॉक्टरला त्याचा उपयोग होतो. वर जनावर मारल्याचा गुन्हा उलटा तुमच्यावरच यायचा.

दवाखान्यातून थेट पोलीस ठाण्यात. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ सांगा. पाळलेल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये एवढी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा दखलपात्र गुन्हा आहे, त्यामुळं "एनसी (अदखलपात्र नोंद) करून घेतो, जा" म्हणाले तरी हलू नका. मुंबईत वरळीला लिफ्टमध्ये कुत्रं चावलं होतं. घटना २०१८ ची, मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली २०२५ मध्ये. सात वर्षं! हे आधीच सांगतो, म्हणजे नंतर मला शिव्या देणार नाहीत.

भरपाईसाठी दिवाणी दावा वेगळा. औषधाची बिलं, बुडालेली मजुरी, जाण्यायेण्याचं भाडं, राहिलेला व्रण, सोसलेला त्रास, सगळं मागता येतं. मालकाचा निष्काळजीपणा मात्र तुम्हालाच दाखवावा लागतो. कुत्रं आधीही कुणावर धावलं होतं आणि मालकाला ते ठाऊक होतं, हे सांगणारा साक्षीदार मिळाला तर सोनं. आणि फाटकावर "कुत्र्यापासून सावध राहा" अशी पाटी लावून मालक सुटत नाही. उलट आपलं कुत्रं चावकं आहे हे त्याला माहीत होतं, असं तीच पाटी बोलते. फक्त कुणाच्या कुंपणावरून उडी मारून गेलात, किंवा आधी दगड तुम्हीच भिरकावला, तर दावा लंगडा पडतो.

खरंच मोकाट असेल तर? २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणं नसबंदी आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थेची. पालिकेवर दावा करायचा तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि मुदत थोडी असते, म्हणून वकील लवकर गाठा. एसटी स्टँड, शाळा, दवाखान्याच्या आवारात चावलं असेल तर तेही अर्जात लिहा. ही ठिकाणं कुत्रामुक्त करा, असं सर्वोच्च न्यायालयानं ७ नोव्हेंबर २०२५ ला सगळ्या राज्यांना बजावलंय. फीला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाया आणि लेकरांना तिथं उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो.

जाता जाता आपल्या भागातली एक गंमत. लांडगा, तरस, अगदी रानकुत्रा चावला तरी वनविभागाची भरपाई आहे. गल्लीतलं कुत्रं त्या यादीत नाही. म्हणून शेळी मेली की पंचनाम्याला गावात एकच उत्तर तयार असतं: "लांडगाच होता साहेब!"

आमच्या दूधवाल्याचं शेवटी लोकअदालतीत ४८,००० वर मिटलं. एकवीस दिवस बुडालेल्या रतिबाचा हिशोब त्याच्या बायकोनं दुधाच्या वहीत रोजच्या रोज लिहिलेला होता, तो कामाला आला. चावल्यावर तिसऱ्याच दिवशी गावात मिटवायला बैठक बसली होती: दोन हजार रुपये घे आणि बाँडवर सही कर. बाँडच्या शेवटच्या ओळीत होतं, "पुढे काहीही झाल्यास माझी तक्रार राहणार नाही." तेव्हा त्याच्या दोनच सुया झाल्या होत्या. बैठकीत मिटवायला माझी ना नाही, पण लसीची शेवटची सुई अठ्ठाविसाव्या दिवशी असते. ती टोचून होईपर्यंत पेनाला हात लावू नका.