डांबर संपतं तिथून

[दृश्य: ताम्हिणी घाट, ओला रस्ता]

पावसाने नुकतीच उघडीप दिली आहे. पुढे पिवळी पोर्शे ९११ टर्बो एस, मागे टप काढलेली महिंद्राची सीजे ३बी जीप. दोन्ही गाड्यांत चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळते. साम्य तेवढंच.

पोर्शेचं इंजिन मागे. सहा सिलिंडर, दोन टर्बो, ६५० अश्वशक्ती. शून्यापासून ताशी १०० किलोमीटर, फक्त २.७ सेकंदांत. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मर्यादाच १०० ची. म्हणजे टोलनाका सोडल्यावर तीन सेकंदांच्या आत तिला आवरावं लागतं. रेसट्रॅकवर हीच गाडी डोळे दिपवते, यात शंका नाही.

आता जीपकडे या. बोनेटची ही उंची बघा. त्याचं कारण आतल्या हरिकेन इंजिनात आहे. १९५३ मध्ये विलिस या अमेरिकी कंपनीने ते या मॉडेलमध्ये बसवलं. पेट्रोल-हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. इंजिन उंच झालं, जुन्या बोनेटखाली मावेना. मग बोनेटच वर उचललं. आणि आपल्याकडे? महिंद्राने १९४७ पासूनच मुंबईत विलिसच्या जीपची जोडणी सुरू केली होती. अमेरिकेत ही उंच नाकाची जीप बंद पडली, तरी इथे ती बनत राहिली. गावोगावच्या मेस्त्रींचा हात तिच्यावर बसला तो असा.

[दृश्य: जीपमधले दांडे, जवळून]

हे तीन दांडे. मोठा गिअरचा. छोट्या दोघांपैकी एकाने पुढची चाकं जोडायची, दुसऱ्याने हाय-लो, म्हणजे वेग हवा की कमी वेगात जास्त जोर, ते ठरवायचं. त्याची मूठ बघा, झिजून गुळगुळीत झाली आहे. जीप चालवणारे काका गाडी पूर्ण थांबवतात, क्लच दाबतात, दांडा ओढतात. खट्. पोर्शेत कुठल्या चाकाला किती जोर द्यायचा, हे संगणक क्षणाक्षणाला ठरवतो आणि चालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. इथे ते तळहाताला कळतं. जुन्या जीपवर माणसं जीव टाकतात ती यासाठी.

डांबर संपलं. पोर्शे थांबली, तिचं पोट जमिनीला फार जवळ आहे. जीप उतरली चिखलात. एक चाक खड्ड्यात, दुसरं दगडावर, कमानपाटे करकरतायत.

पण अशी जुनी जीप रस्त्यावर ठेवायची, तर पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणी, तपासणी, पर्यावरण कर. ज्यांना हे झेपत नाही त्यांच्या जीपा भंगारात जातात.

[दृश्य: ओढा]

पाणी अर्ध्या चाकाला लागलं. काकांनी ॲक्सिलरेटरवरून पाय काढलाय. लोमधला पहिला गिअर. इंजिन आपल्या चालीने गाडी पलीकडे नेतंय.

[निवेदन थांबेल. जीपचा आवाज तसाच राहू द्यावा.]